मला उचलायला तो परत यायचा

मी एक स्टँड बोलतोय. मोबाईल धरून उभा राहणारा, तीन पायांचा. दुकानदार मला ट्रायपॉड म्हणायचा, पण ज्या घरात मी आयुष्य काढलं तिथे माझं नाव 'सवत' होतं. ते कसं पडलं ते ओघात येईलच. सध्या मी एका कपाटाच्या वर, जुनी सुटकेस आणि भिंत यांच्या फटीत आडवा पडलो आहे. उभं राहणं हाच ज्याचा धंदा, त्याला असं आडवं टाकल्यावर काय वाटतं ते तुम्हाला सांगून कळायचं नाही. पण मी रडगाणं गायला बोलत नाहीये. मला तुमच्याकडून एक काम करून हवं आहे, आणि त्यासाठी आधी सगळं ऐकून घ्यावं लागेल.

माझ्या जन्माचं फारसं काही सांगण्यासारखं नाही. कारखान्यात एका यंत्रातून पाय निघाले, दुसऱ्यातून मान, आणि एका बाईने जांभई देत देत स्क्रू पिळून आमची गाठ मारली. मग खोका, मग दुकान. दुकानात मी खिळ्याला टांगलेला असायचो. गिऱ्हाइकं यायची, माझे पाय ताणून बघायची, मान फिरवून बघायची आणि 'बघतो' म्हणून निघून जायची. माणूस 'बघतो' म्हणाला की तो आता काही बघत नाही, हे मी तिथेच शिकलो.

मग एक दिवस तो आला. चाळिशी उलटलेला, सडसडीत, शर्टाच्या खिशात स्क्रू-ड्रायव्हर. त्याने मला ताणूनबिणून बघितलं नाही. नुसतं विचारलं, "वाऱ्यात पडणार नाही ना?" दुकानदार म्हणाला, "पडला तर परत आणा." त्याने मला काखेत मारलं आणि चालू लागला.

तो लिफ्टचा मेकॅनिक होता. लोकांना वाटतं, लिफ्टवाला म्हणजे दिवसभर ऐटीत वर-खाली करत असेल. पण त्याला बोलावतात तेच मुळी लिफ्ट बंद पडल्यावर. म्हणजे हत्यारांची पिशवी खांद्याला लावून वरच्या मजल्यापर्यंत जिन्याने चढायचं. उतरताना तेवढी लिफ्ट नशिबी. त्यात स्वतः राहायचा ते घर दुसऱ्या मजल्यावर, आणि त्या इमारतीला लिफ्टच नाही. यावरून त्याची बायको त्याला येता-जाता टोमणे मारायची.

धावायचं वेड त्याला उशिरा लागलं. रक्तातली साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं. हा चालता चालता पळायला लागला. बायको तेव्हा लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या एका स्टुडिओत होती. लग्नात कोण रुसून बसलंय, कोणाचं तोंड वाकडं झालंय, ते सगळं कापून टाकायचं आणि लग्न गोड करून द्यायचं, हे तिचं काम. तिने गंमत म्हणून नवऱ्याचं धावणं मोबाईलवर टिपलं, कापलं, जोडलं आणि इंटरनेटवर टाकलं. चॅनेलला नाव दिलं 'लिफ्ट बंद आहे'. तो कामावर जी पाटी दाराला अडकवायचा, तीच.

लोकांना ते आवडलं. धावणारा आवडला, पण त्याहून जास्त कॅमेऱ्यामागून येणारा तिचा आवाज आवडला. स्कूटरवरून त्याच्या बाजूने जाता जाता ती शूटिंग करायची आणि बोलायची. "अहो, पोट आत घेऊ नका, श्वास अडकेल." "अहो, ती आजी तुमच्या पुढे गेली." बघणारे त्याला दादा म्हणायचे आणि तिला वहिनी. मीही तिला वहिनीच म्हणतो.

हे सगळं मी येण्याआधीचं. नंतर वहिनींना धाप लागायला लागली. आधी जिन्यात, मग बोलताना, मग वेणी घालताना. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, फुफ्फुसं आखडत चालली आहेत. कशाने, ते त्यांनाही सांगता येईना. औषधाने ते लांबवता येतं, थांबवता येत नाही. धूळ नको, धूर नको, पहाटेचा गारवा तर नकोच. आणि धावणारी माणसं बाहेर पडतात ती नेमकी पहाटे.

म्हणून मला आणलं. वहिनींनी खोका उघडला, मला टेबलावर उभं केलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आली का माझी सवत? बघू तरी, माझ्यापेक्षा काय चांगलं आहे हिच्यात."

"तोंड नाही," तो म्हणाला.

त्या हसल्या, पण मला त्यांची नजर कळली. दुसऱ्याच्या जागेवर येऊन बसलेल्याला ती नजर लगेच कळते. मी काही हौसेने आलो नव्हतो, पण मला ओशाळल्यासारखं झालं.

"एक मात्र आत्ताच सांगून ठेवते," त्या म्हणाल्या. "मॅरेथॉनच्या दिवशी शेवटच्या रेषेवर मी उभी राहणार. तुम्ही रेषा ओलांडाल ते शूटिंग माझं. तिथे ही सवत चालायची नाही."

"कबूल," तो म्हणाला.

गावात वर्षातून एकदा मोठी मॅरेथॉन असायची. आतापर्यंत तो अर्ध्या अंतराची पळाला होता. यंदा पूर्ण पळायची ठरवली होती. यंदाच का, ते मला कळलं एका दवाखान्याच्या जिन्यात. मी त्याच्या पिशवीत होतो. वहिनी आत कपडे आवरत होत्या आणि डॉक्टर बाहेर येऊन हळू आवाजात त्याला म्हणाले, "पुढच्या वर्षाचं मी आत्ता काही बोलत नाही." तो पिशवीचा पट्टा तेवढा घट्ट धरून उभा राहिला. वहिनींना वेगळं सांगायची गरजच नव्हती, त्या स्वतःचे सगळे रिपोर्ट स्वतः वाचायच्या. दोघांनाही ठाऊक होतं की शेवटच्या रेषेवर दोघांनी मिळून उभं राहायचं असेल तर ते याच वर्षी. आणि दोघंही त्याबद्दल एकमेकांसमोर अवाक्षर काढत नव्हते.

आता आमची कामाची पद्धत सांगतो. तुम्ही व्हिडिओत बघता ना, एखादा धावणारा समोरून येतो, कॅमेऱ्याजवळून जातो आणि लांब रस्त्याच्या वळणावर दिसेनासा होतो? तुम्हाला वाटतं, गेला तो पुढे. कुठला पुढे जातोय. तो वळणापलीकडे थांबतो, वळतो आणि मला उचलायला परत येतो. मोबाईल माझ्या डोक्यावर आणि मी रस्त्याच्या कडेला, मला कोण उचलणार? एका धावण्यात असं चार-पाच वेळा. म्हणजे जो रस्ता लोक एकदा पळतात, तो आमचा लिफ्टवाला जाऊन-येऊन करायचा. परत येतानाचा भाग वहिनी कापून टाकायच्या. सगळेच कापतात.

आणखी एक गोष्ट. माझ्यासमोरून कधीच कुणी हळू धावत नाही. एरवी फरपटत चाललेला माणूस मला बघितलं की छाती काढतो, गुडघे उचलतो, वारा प्यायल्यासारखा सुटतो. आमचाही तसाच. ज्या दिवशी त्याच्या सरावात सावकाश धावणं असायचं, त्या दिवशीसुद्धा माझ्यासमोर आला की झेप घ्यायचा, कारण संथ धावणं व्हिडिओत बरं दिसत नाही. त्याच्या ओळखीतले अनुभवी धावपटू कॉमेंटमध्ये लिहायचेही, 'दादा, रोज इतका वेग नको.' त्याला ते कौतुक वाटायचं.

व्हायचं तेच झालं. नडगीच्या हाडाने कुरकुर सुरू केली. आधी धावून झाल्यावर, मग धावताना. माझ्यासमोरून जाताना चेहरा हसरा, पाऊल झोकात. वळणापलीकडे गेला की माणूस वेगळाच. मला उचलायला परत यायचा तेव्हा डावा पाय टेकवताना दात आवळायचा. कधी माझ्यापर्यंत पोचून माझ्याच डोक्यावर हात ठेवून वाकून उभा राहायचा. माझे पाय थरथरायचे, पण मी पडलो नाही. एवढं तरी माझ्याकडून झालं.

घरी मात्र ताकास तूर लागू द्यायचा नाही. जिन्यात शेवटच्या पायरीवर थांबायचा, श्वास घ्यायचा आणि ताठ चालत घरात शिरायचा. "झक्कास झालं आज," म्हणून मोबाईल वहिनींच्या हातात द्यायचा आणि आंघोळीला जायचा.

आता या शहाण्या माणसाची चूक तुमच्या ध्यानात आली असेल. तो मला उचलायला परत येत असतानाही मोबाईल चालूच असायचा.

वहिनी टेबलाशी बसायच्या. मी शेजारी. त्यांनी दात आवळून परत येतानाचा तो भाग पहिल्यांदा बघितला तेव्हा त्यांचा हात थांबला. मागे नेऊन पुन्हा बघितला. पुन्हा बघितला. न्हाणीघरात हा पठ्ठ्या गाणं गुणगुणत होता, आणि इथे पडद्यावर लंगडत होता. वहिनींनी आयुष्यभर लोकांचे वाकडे चेहरे कापले होते, त्यांच्या नजरेतून काय सुटणार? त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि तो भाग कापला. मला वाटलं, आता बाहेर आला की याची खरडपट्टी निघणार. तो आला, आणि वहिनी म्हणाल्या, "छान आलाय आजचा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गरम पाण्याची पिशवी भरून घेतली आणि त्याच्या खुर्चीपाशी येऊन बसल्या.

"आज गारठा आहे," त्या म्हणाल्या.

"गारठा कुठे आहे? मी घामाने निथळतोय."

"मला आहे ना." थोडा वेळ त्यांनी पिशवी स्वतःच्या पायावर धरली आणि मग म्हणाल्या, "बास, चटका बसतोय. धरा तुम्ही जरा." आणि त्याच्या डाव्या नडगीवर ठेवून दिली. त्याला वाटलं, आयतंच जमलं. मग रोजच हे चालू झालं. रोज वहिनींना गारठा वाटायचा, रोज चटका बसायचा, आणि हा बावळट रोज नडगी शेकून घ्यायचा. मला कधी हसू यायचं, कधी आतून तुटायचं. या दोघांच्या मधे उभा राहून सगळं बघत होतो आणि मला तोंड नव्हतं.

पुढे त्याने मला न्यायचं सोडलं. "ओझं होतं," म्हणाला. खरं कारण असं की मला उचलायला पुन्हा पुन्हा मागे येणं त्या पायाला झेपेना. मोबाईल हातात धरून तो नुसता चेहरा दाखवायला लागला. मी खिडकीत उभा राहिलो, घरातच. आणि मग मला वहिनींची दुसरी बाजू दिसली.

तो दार ओढून गेला, जिन्यातली पावलं खाली विरली, की वहिनी पलंगाच्या कडेला बसायच्या आणि खोकायच्या. तसा खोकला मी त्याच्यासमोर कधी ऐकला नव्हता. पोटातून येणारा, थांबता न थांबणारा, डोळ्यांतून पाणी काढणारा. झाला की तोंडावर पाणी मारायच्या, केस नीट करायच्या. मग त्या माझ्या डोक्यावर स्वतःचा मोबाईल बसवायच्या, चालू करायच्या आणि पलंगापासून दारापर्यंत चालत जायच्या. परत यायच्या. बसायच्या. मग ते बघायच्या, खांदे किती हलतायत, तोंड उघडं पडतंय का. पसंत पडलं नाही की पुन्हा चालायच्या. आणि शेवटी सगळं पुसून टाकायच्या.

मला आधी कळेना, हे चाललंय काय. मग एक दिवस खालच्या मजल्यावरचे टॅक्सीवाले काका आले. गल्लीत शिरताना उगाच भोंगा वाजवत येतात म्हणून सगळे त्यांना हॉर्नकाका म्हणतात. वहिनी त्यांना म्हणाल्या, "त्या दिवशी टॅक्सी शेवटच्या रेषेच्या किती जवळ नेता येईल?"

"रस्ते बंद असतात वहिनी. बरंच चालावं लागेल."

"तेवढं जमवते मी."

म्हणजे वहिनींचाही सराव चालू होता. तो तिकडे रस्त्यावर पाय लपवत होता, या इकडे श्वास लपवत होत्या. नवरा-बायको दोघंही एकाच दिवसासाठी राबत होते, आणि आपण दुसऱ्याला फसवतोय असं दोघांनाही वाटत होतं. पलंग ते दार, मग दार ते जिना, मग जिन्याच्या अर्ध्यापर्यंत. तो यायच्या आत त्या आवरून, हातात चहाचा कप घेऊन बसलेल्या असायच्या. "कोण कोण भेटलं आज?" म्हणून विचारायच्या. मग तो सांगत बसायचा. तलावाकाठी कुठलं कुत्रं मागे लागलं, कोणत्या आजोबांनी नवे बूट घेतले, कोणत्या झाडाची पानं गळली. वहिनी डोळे मिटून ऐकायच्या.

मॅरेथॉनचा दिवस उजाडला. तो अंधारातच गेला. उजाडल्यावर हॉर्नकाका आले, वहिनींनी नाका-तोंडावर मास्क लावला आणि निघताना मला उचलून पिशवीत घातलं. "चल गं बाई तूही," म्हणाल्या. "हात कापतात माझे."

टॅक्सी थांबली तिथून रेषा खरंच लांब होती. हॉर्नकाका हात धरायला आले, वहिनींनी धरू दिला नाही. दोनदा थांबल्या, पण पोचल्या. दोरीच्या अलीकडे मला उभं केलं, मोबाईल बसवला, हॉर्नकाकांनी आणलेल्या घडीच्या खुर्चीवर टेकल्या. कर्ण्यावर गाणी, शिट्ट्या, धूळ. आधी वेगवाले येऊन गेले. मग हौशी लोकांची झुंड आली. ओळखणारे हात हलवत होते, "वहिनी, दादा मागे आहेत, येतायत." मग येणारे विरळ झाले. ज्या वेळेत तो यायचा होता ती टळली. माणसं बॅनर उतरवायला लागली. हॉर्नकाका म्हणाले, "ऊन वाढलंय, टॅक्सीत बसा, तो आला की मी हाक मारतो." वहिनी जागच्या हलल्या नाहीत.

आणि मग तो दिसला. धावत नव्हता. डावा पाय मागे ओढत, एका हाताने कठड्याचा आधार घेत, एकेक पाऊल टाकत येत होता. तोंड पांढरं पडलेलं. एवढ्या दिवसांत जो माणूस फक्त मला आणि वहिनींना दिसत होता, तो आज सगळ्यांसमोर येत होता.

वहिनी खुर्चीवरून उठल्या, दोरीखालून वाकून पलीकडे गेल्या आणि रेषेपर्यंत चालत गेल्या. तो रेषा ओलांडून त्यांच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "चालता येतं तुला एवढं?"

"तुम्हाला येत नाही का?" वहिनी म्हणाल्या.

तो तिथेच फूटपाथच्या कडेला बसला. वहिनीही शेजारी बसल्या. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "पायाचं तुला कधीपासून ठाऊक आहे?"

"पहिल्या दिवसापासून. कॅमेरा परत येतानाही चालू असतो अहो."

तो मग कपाळाला हात लावून हसायला लागला. वहिनीही हसायला लागल्या. उठायचा प्रयत्न केला तर याला पाय टेकवेना, त्यांना दम पुरेना, दोघंही पुन्हा खाली. हॉर्नकाका कोणाला आधी उचलावं या पेचात मधे उभे. दोघं लहान मुलांसारखी हसत होती. माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर देखावा तो, आणि माझ्या डोक्यावरचा मोबाईल तो टिपत होता.

तेवढ्यात हसता हसता वहिनींना खोकला आला. तोच, पलंगाच्या कडेवरचा. दाबायला गेल्या, दाबला गेला नाही. त्याचं हसू उतरलं. खोकला थांबेपर्यंत तो त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसला आणि मग म्हणाला, "हा असा खोकला कधीपासून आहे?"

"धूळ आहे ना आज," वहिनी म्हणाल्या.

टॅक्सीत तो त्यांच्याकडे बघत नव्हता, बाहेर बघत होता.

हाडाला चीर गेली होती. पाय प्लास्टरमध्ये. आता तो घरात, समोरच्या पलंगावर वहिनी, मधे मी. कामही बंद, धावणंही बंद. त्याला दुसरं काय काम? तो दिवसभर वहिनींचा श्वास ऐकत बसायचा. त्यांनी कूस बदलली तरी, "काय झालं?" वहिनींना खोकला आला की त्या तोंडावर उशी दाबून घ्यायच्या, नाहीतर भिंत धरत न्हाणीघरात जाऊन नळ सोडायच्या. नळाच्या आवाजाआड खोकायच्या. तो बाहेर बसून नळाकडे कान लावून असायचा. तसे ते दिवस गेले. बाहेरचं सांगायला त्याच्याकडे काही नव्हतं.

एकदा प्लास्टर दाखवायला हॉर्नकाका त्याला घेऊन गेले. दार लागल्यावर वहिनी पोटभर खोकल्या. मग त्यांनी मला जवळ ओढलं, मोबाईल बसवला आणि चालू केला. चालण्यासाठी नव्हे. समोर बसून बोलल्या. थांबत थांबत, पण बोलल्या.

"अहो, तुम्ही मनात काय घेऊन बसलाय ते मला कळतंय. मी घरात अशी आणि तुम्ही बाहेर पळत होता, हेच ना? तर ऐका. मीच तुम्हाला घालवत होते. तुम्ही गेलात की मला हवं तेवढं खोकता यायचं. उशी नको, नळ नको. मग मी तोंड धुऊन बसायची आणि तुम्ही बाहेरचं सगळं घेऊन यायचात. कुत्री, झाडं, ते नव्या बुटांचे आजोबा. तुम्ही तेव्हा घरात बसून माझा श्वास मोजला असतात ना, तर मला ते सोसलं नसतं. म्हणून पाय दुखतोय हे दिसत होतं तरी थांबवलं नाही तुम्हाला. माझा स्वार्थ होता त्यात. तेव्हा ते डोक्यातून काढून टाका."

बोलून झाल्यावर त्यांनी ते ऐकलं. दोन शब्दांच्या मधे जी घरघर होती ती शब्दांपेक्षा मोठी होती. वहिनींनी सवयीने कापाकापी सुरू केली. घरघर कापायला गेल्या की शब्द तुटायचा. शब्द ठेवला की घरघर राहायची. बराच वेळ प्रयत्न केला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बोललेलं ऐकणार नाहीत ते. धापच ऐकत बसतील." आणि सगळं पुसून टाकलं. पुन्हा कधीतरी, जरा बरं वाटेल तेव्हा बोलू, असं काहीसं पुटपुटल्या.

तसं बरं त्यांना पुन्हा वाटलं नाही. प्लास्टर निघायच्या आधीच वहिनी गेल्या.

त्यानंतर त्या घरात व्हिडिओ झाला नाही. लोक लिहितात, 'दादा, पुढचा कधी?' 'वहिनी कशा आहेत?' एकदा त्याने मला टेबलावर उभं केलं, मोबाईल बसवला आणि समोर बसला. सांगायचं असेल सगळ्यांना. तोंड उघडलं, मिटलं, मोबाईल काढून घेतला. हाड जुळलं, डॉक्टरांनी धावायची परवानगी दिली, तर याने बूट उचलून देऊन टाकले. कामाला तेवढा जातो. मला कपाटावर टाकण्याच्या दिवशी हॉर्नकाका आले होते. त्यांना म्हणाला, "बायको घरात मरत होती काका, आणि मी रस्त्यावर कॅमेऱ्यासमोर मिरवत होतो. होते तेवढे दिवस तरी तिच्याजवळ बसायला हवं होतं." काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली निघून गेले.

मी तिथेच होतो. मला सगळं ठाऊक होतं. ते शब्द वहिनींखेरीज फक्त मी ऐकलेले आहेत, आणि आता ते दुसरीकडे कुठेच नाहीत. मी ओरडलो असतो, पण तो पहिल्याच दिवशी माझ्याबद्दल बोलला ते खरं आहे, मला तोंड नाही.

म्हणून तुम्हाला सांगतोय. तुमच्या इमारतीतली लिफ्ट कधी ना कधी बंद पडेलच. एक सडसडीत माणूस हत्यारांची पिशवी घेऊन जिन्याने वर येईल, डाव्या पायाला जरा जपत. फार बोलणार नाही. त्याला बसवा, पाणी द्या, आणि सांगा की तुम्ही बाहेर असायचात तेव्हा वहिनी घरात मोकळेपणाने खोकायच्या. आणि तेवढ्याचसाठी त्यांना तुम्ही रोज बाहेर जायला हवे होतात.